कडक भाकरी वाट बघते

होटगी,
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस आज्जीचा आशीर्वाद.

तुमी तिघं तितं बेंगळूरात बरं असाल. मी बरी हाय, गुडघा हाय तसा हाय.

तर पयल्यांदा आली गिरिजाबाई. ताक मागायला आले म्हणली, पण हातात भांडं न्हाई. तू लावून दिलेली ती फोनवरची हेल्थ कोच, प्रियंका, आज घरी येणार हे शेजारच्या बाईला कुणी सांगितलं कळंना. मीच सांगितलं असंल.

मग प्रियंका आली. तिचं सगळं काम फोनवरच असतं, पण वळसंगला मावशीकडं आली होती, तवा वाट वाकडी करून आली. काडीसारखी पोरगी. बाप ज्ञानबा अजून मेंढरं राखतो म्हणली. लाजली न्हाई सांगताना, मला आवडलं.

गिरिजाबाईनं बसायच्या आधीच विचारलं, “कसली पावडर विकतीस गं?”

“काय विकत न्हाई मावशी. नुसतं विचारते.”

“नुसतं विचारायचा पगार मिळतो? मग मी फुकटच विचारत आले की जनमभर.”

लई हसलो. पण ती खरंच विचारते बघ. गुडघ्याच्या ऑपरेशनाआधी वजन उतरवा असं डॉक्टर म्हणला, म्हणून तू तिला लावलीस. तिनं पयल्या दिवशी विचारलं, वजन उतरवून काय करायचंय? म्हणले, डॉक्टरनं सांगितलंय. तर म्हणली, “ती डॉक्टरची गोष्ट झाली. तुमची सांगा.” मग मी म्हणले, कुणी हात न धरता रेल्वेच्या डब्यात चढायचंय. कुटं जायाचं ते तिनं विचारलं न्हाई.

एकदा म्हणली होती, पोट भरलं की ताटात राहू द्या. मी सांगितलं, आमच्यात गळ्यातल्या लिंगाला दाखवलेलं अन्न ताटात टाकत न्हाईत, ताट धुऊन पाणी पितो आमी. रागावली न्हाई. “मग वाढून घेतानाच कमी घ्या,” म्हणली. तवापासून तुझ्या लहानपणीच्या ताटलीत जेवते. जेवले की फाटकापर्यंत चालून येते. वजन उतरलं, आणि मग काटा हालंना. म्हणून तर आली बघायला.

“आज्जी, काट्यावर रागवायचं न्हाई. कुटं अडलंय ते दोघी मिळून बघू,” म्हणली. मी म्हणले, ताटलीचा फोटो रोज पाठवते की तुला. तर गिरिजाबाई बोलली, “दुपारचं सांग की. बुट्टीखाली झाकलेल्या भाकरीचं.”

तिला ताक मिळणार न्हाई आता.

प्रियंकानं आवाज चढवला न्हाई. हळूच विचारलं, “कुणाच्या असतात त्या, आज्जी?”

मी दूध उतू चाललं म्हणून उठले. चुलीवर दूध नव्हतं.

आता तुला सांगते. पीठ मळताना हात कमी घेतच न्हाई गं. तुझ्या बापाच्या दोन, तुझ्या आईची एक, तुझी एक ती बारकी, काठाला जळलेली. तुझा बाप प्रभुलिंग कधी आधी कळवून आलाय? वळसंग गेलं की फोन करायचा, आई, पोचलोच. तवा भाकरी तयार नको? दुपार टळली की कळतं, आज न्हाई. मग टाकायची कुटं? दुधात कुस्करून उभ्यानं खाते. ताटली न्हाई, तर फोटो कशाचा काढू.

परत येऊन बसले आणि प्रियंकालाबी हेच सांगितलं. तर ती म्हणली, “त्यांच्या नावाची भाकरी सोडा असं मी म्हणणार न्हाई. पण टाकायची न्हाई, खायची न्हाई, नुसती ठेवायची अशी कुठली भाकरी असती का?”

गिरिजाबाई म्हणली, “सोलापुरात येऊन हे विचारतीस व्हय?”

कडक भाकरी. पातळ थापायची, निखाऱ्याला पापडावानी वाळवायची, महिना महिना टिकती. मला काय ठावं नव्हतं? पण मन घेईना. मऊ भाकरी म्हणजे आज येतील. कडक केली म्हणजे कवातरी येतील. तसं मी तिला बोलले, आणि बोलून झाल्यावर हलकं वाटलं. “आठवडाभर करून बघू. न्हाई जमलं तर दुसरं काय सुचतंय बघू,” म्हणली.

मग तिघीच चुलीपाशी बसलो. मी थापल्या, गिरिजाबाईनं वाळवल्या. प्रियंकानं एक थापली, ती बेंगळूरच्या नकाशासारखी झाली, ती तुझी. तुमच्या सगळ्या डब्यात ठेवल्या. आमच्यापुरत्या मऊ केल्या आणि तिघींनी तितंच खाल्ल्या. लई दिवसांनी या घरात भाकरी गरम असतानाच संपली.

दुपारी बुट्टी उचलून बघितली. खाली काय नव्हतं. बरं वाटलं, आणि जरा चुकल्यासारखंबी वाटलं. तेबी तिला फोनवर सांगणार हाय. असलंच विचारते ती.

डब्याचं झाकण घट्ट लावलंय. बापाला म्हणावं, आई आता रोज दारात वाट बघत बसत न्हाई, पण डबा भरलेला हाय. आणि तुमचं यायचं जमंना, तर गाडीची पायरी चढायला आली की मीच येते तो डबा घेऊन. गाडीत चुरा झाला तरी काय, आमटीत कुस्करायचीच असती की.

गिरिजाबाई आणि प्रियंका येत्या सोमवारी येतो म्हणल्या. दिवस सांगून गेल्या.

तुझी
नीलव्वा आज्जी