शेवटच्या टेबलाआधी

प्रिय आई,

आज तुझ्या पोकर स्पर्धेचा शेवटचा टप्पा. त्याआधी हे वाच. फोनवर सांगायला गेलो की तू ‘जेवलास का?’ विचारून विषय बुडवतेस. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही!

परवा उत्तनला आपल्या ओट्यावर माझ्या लॅपटॉपवर तुझा खेळ बघायला जत्रा भरली होती. तू नुसती पानं टाकून डाव सोडत बसलीस तेव्हा सदूकाका वैतागले, “चंद्रावती पत्ते खेलाला गेली हाय का टाकाला?” मी ऐटीत समजावलं, पोकरच्या स्पर्धेत सुरुवातीला घाई करायची नसते, समोरच्यांना वाचायचं असतं. तुला ते शिकवावं कुठे लागलं? भाईंदरच्या बाजारात सुकट विकताना गिऱ्हाईक खरंच उठून जाणार की नाटक करतंय, हे तू मान वर न करता ओळखायचीस.

काल प्रत्येक डावाला भरायच्या चिप्स वाढल्या, वाट बघत बसणाऱ्यांच्या चकत्यांचे ढीग आटू लागले, आणि तू खेळच बदललास. आणखी एकजण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, म्हणून जो तो अंग चोरून बसलेला. तू मात्र हातात काही नसताना बोली चढवत सुटलीस! तुला ‘आंटी’ म्हणणाऱ्या गॉगलवाल्या पोराने निमूट पानं टाकली. काकांनी शिट्टी मारली. मला रडू आलं, सांगून टाकतो.

पण सातजण उरले आणि तू पुन्हा आक्रसलीस. हातात दोन राण्या, एवढी भारी जोडी, तरी टाकल्यास, आई! संध्याकाळी फोनवर म्हणालीस, सातवी आले तरी पुष्कळ झालं. बाबा गेल्यापासून तू असंच खेळत आलीस, आधी आमची ताटं, मग उरलं तर तुझं. त्यावरच आम्ही मोठे झालो, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण आता मी नोकरीला आहे, सुलू सासरी सुखात आहे. कोणासाठी राखून खेळतेस? आज जिंकायला खेळ. हरलीस तरी गावात तुझी मिरवणूक ठरलेली आहे.

हे पत्र लिहून झालं की तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार आहे. रात्रभर गाडीत बसून सुलू, सदूकाका आणि मी गोव्यात आलोय. खाली नाश्त्याला बसलोय. काकांनी भाकरी-सुकटीचा डबा उघडलाय, हॉटेलवाले नाकं मुरडतायत. लवकर खाली ये, आधी जेव, मग त्या राण्यांचं बघू.

तुझ्या खुर्चीमागे बसणारा, तुझाच
निकेत