अकरा नंबरची टेप इंदूला

मी, कमला शामराव गजभिये, वय शहात्तर, धंदा शिवणकाम (डोळ्यांमुळे आता बंद), राहणार तात्यापाऱ्याची मागची गल्ली, रायपूर, हे मृत्युपत्र आपल्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डावा गुडघा ठिकाणावर नाही, पण वकील भार्गवसाहेब म्हणतात की कायद्याला गुडघा लागत नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. साहेब टाईप करून देत होते, मीच नको म्हटले. शाळा माझी दुसरीत सुटली. पुढचे वाचणे मी किराण्याच्या पुड्यांवरून शिकले आणि लिहिणे गिऱ्हाइकांची मापे टिपता टिपता. तेव्हा यात चूक असेल ती माझी, आणि इच्छा आहे तीही माझीच. याआधी असा कागद मी केलेला नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, मागची मोरी आणि त्यावरचे पत्रे, सर्व मुलगा लोकेश याला द्यावे. सूनबाई पिंकीच्या मनात समोरची खिडकी बुजवायची आहे. ती म्हणते, "मम्मी, खिड़की का क्या काम, एसी लगेगा न." लोकेश ऐकतो आणि चूप राहतो, बापावर गेला आहे. मी असेपर्यंत बुजवू नये. नंतर तुमचे घर, तुमचा एसी.

कलम २. बँकेत जे काही असेल ते, आणि कानातली फुले, मुलगी दीक्षा हिला. ती अभनपूरला शाळेत शिकवते, तिला कशाची कमी नाही, तरी माहेरचे म्हणून काही असावे.

कलम ३. शिवणमशीन पिंकीला. मशीनला मोटर लावू नये. पायाने चालणारी वस्तू आहे, माणसाच्या चालीने चालते. पिंकी माझ्या गाण्यांना "खटर-पटर" म्हणते हे मला माहीत आहे. रागाने लिहीत नाही, माहीत आहे एवढेच लिहिते.

कलम ४. टेपा. एकतीस होत्या, आता चोवीस वाजतात. नऊ नंबरच्या टेपेवर लोकेशने आठवीत असताना क्रिकेटची कॉमेंट्री भरली. त्याला मी आज या कागदान्वये माफ करते. आजपर्यंत केले नव्हते.

या टेपा माझ्याकडे कशा आल्या ते लिहिणे जरूर आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की दुसरीतून सुटलेल्या बाईकडे इंग्रजी गाणी कुठून आली. माझे मालक शामराव इथल्याच उरला भागातल्या एका रोलिंग मिलच्या गेस्ट हाऊसात स्वयंपाकी होते. सन अठ्ठ्याऐंशीत नवे मशीन बसवायला एक परदेशी इंजिनीअर आठ महिने येऊन राहिला. मालकांच्या हातचा झुणका त्याला फार मानवला, आणि जाताना तो आपला टेपरेकॉर्डर आणि टेपांची पिशवी त्यांना देऊन गेला. डब्यांवर गाण्याचे नाव नाही, गाणाऱ्याचे नाही. फक्त एक आकडा आणि आकड्याखाली एक इंग्रजी शब्द, फंक, नाहीतर सोल, नाहीतर जॅझ. मालकांनी वाचून दाखवले. मी ऐकले ते पंख, सोल आणि जाज. मला वाटले, उडणारी गाणी, चालणारी गाणी, आणि तिसरे काय ते देव जाणे. आजही मी डोळे मिटून ऐकले तर मला तेच बरोबर वाटते.

इंदू पिंपळापुरे, तात्यापाऱ्यातल्या पिंपळापुऱ्यांची सून, पहिल्यांदा ब्लाऊजचे माप द्यायला आली तेव्हा पंखाची दोन नंबरची टेप लागली होती. ती उंबऱ्यातच थबकली.

"कमलाबाई, तुमचं मशीन गाण्याबरोबर चालतंय."

मी म्हटले, "मशीन नाही बाई, मीच चालून राहिली. गाणं थांबलं का माहा टाका चुकते."

ती खाली बसली, टेपेच्या दोन्ही बाजू ऐकल्या आणि माप न देताच गेली. ते द्यायला पुन्हा आली. मग दर बुधवारी येऊ लागली. तिच्या सासूला आमच्याकडे बसणे, आमच्या कपातला चहा घेणे पटणारे नव्हते, म्हणून ती घरी सांगायची, "ब्लाऊज टाकून येते." सासू गेली, माझे मालक गेले, सांगायला हरकत राहिली नाही, तरी तिने खरे कधी सांगितले नाही. तिच्या घरच्यांना वाटत असेल, या बाईला ब्लाऊज लागतात तरी किती. ही लपवाछपवी आम्हाला गोड वाटायची. आज तीच नडून राहिली आहे.

शब्द आम्हाला कळत नव्हते. इंदू मॅट्रिक, पण ते इंग्रजी मॅट्रिकचे नव्हे. आम्ही आपली नावे ठेवली. खालून जो जाडा आवाज चालतो तो "म्हैस", कारण घाई करत नाही आणि वेळेवर पोचते. भोंग्याच्या एका लांब गाण्याला "म्हातारा रुसला" म्हणायचो. एकदा तिने आपल्या मुलाच्या, अच्युतच्या, डिक्शनरीत पाहून सांगितले, "कमला, सोल म्हणजे आत्मा."

मी म्हटले, "आमच्यात आत्मा मानत नाही, बाई. मी चपलेचाच म्हणीन."

"बरं, चपलेचा तर चपलेचा. पण मग त्या बाईची चप्पल फारच चावत असेल." असे म्हणून ती हसत सुटली. माझ्या हातातली सुई पडली ती दोन दिवस सापडली नाही.

आता अकरा नंबर. तिच्यात एक बाई सारखी "बेबी, बेबी" म्हणते. हाक मारते, थांबते, पुन्हा हाक मारते. आम्हाला वाटले, तिचे लेकरू हरवले आहे. आम्ही दोघी रडलो. पाच-सहा वर्षांनी दीक्षा कॉलेजात गेली तेव्हा म्हणाली, "अगं आई, ते लेकरू नाही, तो तिचा यार आहे." मी लाजले. इंदू लाजली नाही. दीक्षा आत गेल्यावर हळूच म्हणाली, "असू दे. आपल्या घरात ती मुलीलाच हाक मारते."

त्या दिवशी तिने मला सांगितले. अच्युतच्या आधी तिला मुलगी झाली होती, आठ महिन्यांची होऊन गेली. घरात त्या मुलीचे नाव घ्यायचे नाही असे ठरले आणि ते कोणी घेतले नाही. अच्युतला बहीण होती हे अच्युतला माहीत नाही. इंदू तिला बेबी म्हणायची. बारशाचे नाव तिने मलाही सांगितले नाही. अकरा नंबर आम्ही दर बुधवारी शेवटी लावायचो, आणि ती संपेपर्यंत मी मशीन चालवत नसे.

कलम ५. वरील टेपांपैकी अकरा नंबर आणि तिच्यासोबत टेपरेकॉर्डर, दोन्ही श्रीमती इंदू पिंपळापुरे यांना द्यावे. बाकीच्या टेपा लोकेशने ठेवाव्या. न ठेवल्या तर मला कळणार नाही.

हे कलम टिकणारे नाही असे वकीलसाहेबांचे मत आहे. ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "आजी, त्या तुमच्या आधी गेल्या तर हे कलम गेलं. आणि तुम्ही आधी गेलात तर वस्तू त्यांच्या घरी पोचेल, पुढचं त्यांच्या मुलाच्या हातात." म्हणजे दोन्हीकडून तेच. इंदूला गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचा गेली. टेप लावायला एक बोट लागते, आणि ते बोट अच्युतचे आहे.

अच्युत वाईट नाही, हे मी शपथेवर लिहिते. आईचे सगळे तो स्वतः करतो, कूस बदलतो, केस विंचरतो. तिच्या उशाशी त्याने नामजपाचे एक लहान मशीन लावले आहे. भिंतीत खुपसायचे, मग ते सकाळपासून रात्रीपर्यंत एकच ओळ म्हणत राहते. इंदू देवाची आहे, मी तिच्या देवाला नावे ठेवत नाही. पण तिची पूजा वीस मिनिटांची असायची. त्यानंतर ती म्हणायची, "चला, देवालाही कामं आहेत."

मार्च महिन्यात मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तिच्याकडे नेला. अच्युतने मला खुर्ची दिली, चहा दिला, कप माझ्या हातात दिला. मी म्हटले, "बेटा, तुझ्या आईले हे गाणे आवडतात. एक वेळ लावून पाह्य."

तो म्हणाला, "मावशी, आईने आयुष्यात असलं काही ऐकलेलं नाही. तुमचं कुणा दुसऱ्याबरोबर गल्लत होतेय."

"तीस वर्षं माह्याकडे कायले येत होती मग?"

"ब्लाऊज टाकायला," तो म्हणाला. त्याचा तरी काय दोष, त्याला तेच सांगितलेले. आणि ती पडल्या पडल्या आमच्या दोघांकडे पाहत होती. मुलीचे मला सांगता आले असते. पण तिच्या तोंडावर, तिची वाचा नसताना, तिची गोष्ट मी कशी फोडू? मी चहा प्यायले. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि गुडघा पाहून गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला.

त्यानंतर मी पिशवी न नेता जाऊ लागले. एकदा इंदूच्या सूनबाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी इंदूच्या कानाशी अकरा नंबर गुणगुणले. माझी कवळी सैल आहे, आवाज चिरका आहे, पण चाल बरोबर होती. त्या गाण्यात दोन हाकांच्या मध्ये एक जागा मोकळी सोडली आहे, तिथे आम्ही मांडीवर थाप मारायचो. इंदूने डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर थाप मारली, अगदी त्या जागी. दुसऱ्यांदाही मारली. सूनबाई धावत आल्या, म्हणाल्या, "बघा, आईंना त्रास होऊन राहिला." आणि नामजपाचा आवाज वाढवला. इंदूने हात खाली ठेवला. मी शेजारीण आहे, माझे तिथे काही चालत नाही.

कलम ६. हे पाहून मला माझी धास्ती पडली. मी साहेबांना म्हटले, मी पडले तर माझ्या उशाशी रोज दोन गाणी लावावी, बाकी वेळ शांतता असावी, असे कलम घाला.

"आजी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यानंतर लागू होतं. जिवंतपणीचं यात येत नाही."

"मंग जिवंतपणीचं कायच्यात येते?"

"नळ्या-मशिनी लावू नका, असा एक वेगळा कागद निघतो. गाण्यांसाठी कागद नाही. ते घरच्यांना तोंडी सांगायचं."

"आन् तोंडच नाही राहिलं तर?"

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुम्ही लिहा. लिहायला मनाई नाही."

म्हणून लिहिले आहे, लागू होत नाही हे माहीत असून. माझे क्रियाकर्म आपल्या रीतीने, बुद्धवंदना घेऊन करावे. त्या वेळी गाणी लावू नये. तेव्हा मला त्यांचा उपयोग नाही.

कलम ७. या कागदाच्या दोन साक्षीदारांपैकी एक मी अच्युतला मुद्दाम घेतले. त्याला यातून काही मिळत नाही, तेव्हा चालते असे साहेब म्हणाले. तो बँकेत मॅनेजर होता. कागद पूर्ण वाचल्याशिवाय तो पेन उघडत नाही हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. तोंडी बोललेले त्याने प्रेमाने परत केले. स्टॅम्पावर लिहिलेले त्याला परत करता येणार नाही, अशी माझी समजूत आहे. घर आणि मशीन मी दोन ओळींत सांगू शकले असते. हा कागद मी त्याच्यासाठी लिहिला.

अच्युत, बेटा, कलम चार आणि पाच पुन्हा वाच. तुझी आई मला रागावेल, रागावू दे. माझ्या मरणाची वाट पाहू नकोस, आजच येऊन टेप घेऊन जा. दाराशी पिशवीत टेपरेकॉर्डरसकट भरून ठेवली आहे. बटण दाब आणि तिच्या डाव्या हाताकडे पाहा. हात हलला नाही, तर मी खोटी, आणि पुन्हा तुझ्या दारात येणार नाही.

वरील सर्व मी लिहिले, स्वतःच स्वतःला वाचून दाखवले, आणि ते माझ्या मनासारखे आहे म्हणून खाली सही करते. मला अंगठा लावायची गरज नाही.

ठिकाण: रायपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) कमला शामराव गजभिये

साक्षीदार

१. श्रीमती गजभिये यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. त्या शुद्धीवर व समाधानी दिसल्या.
(सही) शरच्चंद्र रामटेके, शेजारी

२. सही माझ्यासमोर झाली, याची साक्ष देतो. साक्षीदाराला मजकूर वाचण्याची गरज नसते असे वकीलसाहेबांकडून समजले. मावशी "वाच, वाच" म्हणत होत्या, परंतु त्यांच्या घरातील खाजगी बाबी वाचणे मला बरे वाटले नाही. वरची पाने झाकून सही केली आहे.
(सही) अच्युत पिंपळापुरे