टर्न डाउन आणि वाटूरचे पाहुणे

जालना, १२ मे १९४६

चि. बद्रीनाथ यास आक्काचे आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? (दुखत असतील तर सकाळी चाल. हैदराबादेत तुला बसून राहण्याचाच पगार मिळतो, हे मला ठाऊक आहे.) सौ. सोनूबाईस सांग, लोणचे पोचले. मीठ जास्त आहे.

तुझी नंदा माझ्याकडे राहून मॅट्रिक झाली आणि तू लगेच वाटूरचे स्थळ धाडलेस. मुलगा पुंजाराम आणि त्याचे चुलते रामराव येऊन गेले. रामरावांना स्वतःला इंग्रजीचे अक्षर येत नाही, पण सून इंग्रजी येणारी हवी. पोहे संपायच्या आतच ते पुतण्याला म्हणाले, "इचार की तिला इंग्रजीतलं काही. तुझ्या शाळेचा खर्चा काय फुकट केला का मी?"

पुंजारामने मान खाली घालून विचारले, सध्या काय शिकता? नंदा म्हणाली, टर्न डाउन. अर्थ? समोर आलेली गोष्ट नको, असे सरळ सांगणे. वाक्यात वापरा. तिने वापरले: आय टर्न डाउन धिस मॅरेज, आय वॉन्ट टु गो टु कॉलेज.

पुंजाराम पांढराफटक पडला. रामरावांनी मांडीवर थाप मारली. "बिलकुल फाडफाड बोलती की! पोरगी पसंत. साखर आणा, जल्दी!" चुलत्यापुढे अर्थ सांगायची पुतण्याची छाती नव्हती. मी सांगायला तोंड उघडले, तर रामरावांनी त्यात साखर घातली.

तेव्हापासून विचार करते आहे. आपल्यात नकार कोणी देत नाही. बघू, कळवू, घरी विचारतो, असे म्हणून समोरच्याला दमवायचे. मुलीला तर तेवढीही सोय नाही. तिने फक्त मान खाली घालायची. म्हणून हा वाक्प्रयोग मीच तिला शिकवला. आमंत्रण असो, नोकरी असो, मागणी असो, आवाज न चढवता परत करता येते. पाहुण्यांदेखत बोलली म्हणून मी तिला रागावले; पण वापर अचूक होता. खरे ते तोंडावर सांगावे, हे माझे मत तू जाणतोस. तेव्हा वाटूरला स्पष्ट नकार लिही आणि मुलीला तिकडे कॉलेजात घाल.

तुझी आक्का

ता. क. स्पष्ट नकार लिहू नकोस. रामराव चार गावांत बोभाटा करतील आणि बोल मुलीला लागेल. इंग्रजीच्या नादात त्यांनी आपले देवक विचारलेच नाही. त्यांचे वड आहे. आपलेही वडच निघाले, एका देवकात सोयरीक होत नाही, असे कळव. (आपले कळंब आहे, हे मला सांगू नकोस.)

आणखी एक. त्यांचे देवक मला पुंजारामनेच सांगितले, जोडे घालता घालता, हळूच. "आक्का, शिकू द्या तिला. आमचं देवक वड हाय, बघा काही जमतंय का." मुलगा शहाणा आहे. नंदाचे कॉलेज झाले की आपले देवक एकदा नीट तपासून पाहू.