भाऊची म्हणून गाजलेली धून

भाऊ, काल तुमच्या मुलाने ग्रुपवर तुमच्या कॅसेटच्या पेटीचा फोटो टाकला. आपल्या रविवारच्या बैठकीतले उरलेसुरले आणि त्यांच्या ओळखीपाळखीचे मिळून आम्ही आता मोबाइलवर जमतो. कोणता बँड मोठा, कोणत्या गिटारवाल्याने कोणाची झोप उडवली, यावर साठीला आलेली माणसं पोरांसारखी भांडतात. त्यात तुमचं नाव निघत नाही असा दिवस जात नाही. मीही दोन शब्द घालायची, कौतुकाचेच. पण कालचा फोटो पाहिल्यापासून मी तुमच्यावर चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडून उपयोग नाही हे मला कळतं, तरी चिडले आहे.

तुम्ही कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होता. राजुऱ्याजवळच्या कॉलनीत तुमचं क्वार्टर, आणि दर रविवारी सकाळी त्याच्या व्हरांड्यात टेपरेकॉर्डर, तुमची गिटार आणि आम्ही चौघं. खाणीतले तिघे आणि एकटी मुलगी म्हणजे मी. माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि कॅसेटचं दुकान होतं, तिथे मी बसायची, म्हणून परदेशी बँडच्या कॅसेटी आधी माझ्या हाताला लागायच्या. एरवी तुम्ही मला त्या व्हरांड्यात घेतलं असतं की नाही, देव जाणे. नियम एकच होता. आठवडाभरात कॅसेटवरचा गिटारचा एखादा तुकडा नुसत्या कानाने उतरवायचा आणि रविवारी वाजवून दाखवायचा. पुस्तक नाही, नोटेशन नाही. मागे-पुढे करून करून टेपचा जीव जायचा, पण उतरवलेला तुकडा जमला की तुम्ही मान हलवायचा, आणि त्या मान हलवण्यावर आमचा पुढचा आठवडा निघायचा.

एकदा आमच्यातल्या, खाणीच्या पंपावर काम करणाऱ्या दादाने स्वतः रचलेला तुकडा वाजवला. तुम्ही पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही. "सोताचं काऊन वाजवून राह्यला बे? थोरामोठ्यायचं उतरवता येत नाई अन् निंगाला धून कराले. भाकर थापता येत नाई, चालला पुरनपोळी कराले!" सगळे हसले. मीही हसले. दादा पुढचे दोन रविवार आला नाही.

मी हसले खरी, पण तेव्हा माझ्याकडेही एक धून तयार होती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा महिनाभर बसून केलेली. ती तुम्हाला ऐकवावी असं फार वाटत होतं आणि पुरणपोळीचा टोमणाही नको होता. मग एका रविवारी खाणीत ओव्हरटाइम निघाला, तिघंही कामावर गेले, व्हरांड्यात तुम्ही आणि मी दोघंच. मी सरळ खोटं बोलले. एका बँडचं नाव घेतलं. म्हटलं, त्यांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी आहे हे, पण आमच्या दुकानातल्या डेकने टेप खाल्ली आणि बाबांनी ती फेकून दिली. ती कॅसेट आमच्या दुकानात एकदाच आली होती. दुसरी कोणाकडे असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुम्ही डोळे मिटून ऐकता. पुन्हा वाजवायला सांगता, मग तिसऱ्यांदा. काकू चहा ठेवून जातात, तुम्ही कपाला हात लावत नाही. "हा हात मी हजारात वळखतो," तुम्ही म्हणता. "पोरी, याले म्हनतात वाजवनं." मी मान खाली घालून हसू दाबते, कारण मला वाटतं तुम्ही त्या बँडमधल्या गोऱ्या गिटारवाल्याचा हात ओळखला. निघताना तुम्ही हळूच सांगता, "हे आताच कोनाले आयकवू नको. पक्कं होऊ दे." मी ऐकलं. तुमचं कधी ऐकलं नाही मी?

त्याच वर्षी दिवाळीनंतर चामोर्शीकडच्या एका गावात मंडईची जत्रा होती आणि तुम्ही वाजवायचा त्या ऑर्केस्ट्राचा तिथे कार्यक्रम होता. आम्ही चौघं एसटीने गेलो. धान निघालेल्या बांधीत मांडव घातलेला, भर दुपारी खच्चून गर्दी, जिलेबीच्या कढईचा धूर थेट स्टेजवर. तुम्ही माइक हातात घेतला. "आता आयका माही सोताची धून. मी केली हाये, कोनाची नाई." आणि वाजवलीत ती माझी धून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. मधे ढोलकी घातली होती, तेवढी तुमची. पंपवाला दादा माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्य, भाऊनं केली! याले म्हनते धून." त्या बिचाऱ्याला तर तुम्ही धुडकावलं होतंत. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला नागपूरहून आणलेल्या तारांचा अख्खा सेट दिला, कागदात गुंडाळून, काहीही कारण न सांगता. मी केवढी खूश झाले होते!

राग आला नव्हता असं नाही. पण त्यात गंमतही वाटली होती. मला वाटलं, भाऊंच्या मते ते सातासमुद्रापलीकडच्या कुणाची तरी चोरी करतायत, आणि तो काही चामोर्शीच्या मंडईत येऊन त्यांची कॉलर धरणार नाही. मी तोंड उघडायचं तर आधी माझंच खोटं कबूल करावं लागणार होतं. पुढे राजुऱ्यापासून गडचांदूरपर्यंत लग्नात, गणपतीत लोक "भाऊची धून" मागायला लागले, आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या तेरवीला ती टेपवर लावली. मी रडले. इतकी वर्षं मी एवढ्या एका कारणाने तुम्हाला माफ केलं होतं: चोरलंत, पण तुमच्या मते माझं नव्हतं चोरलंत.

आणि काल तो फोटो. प्रत्येक कॅसेटवर ती कुठे आणि कधी घेतली हे पेन्सिलीने लिहायची तुमची सवय. मी फोटो मोठा करून एकेक वाचत होते, प्रेमाने वाचत होते हो, आणि तिसऱ्या ओळीत ती कॅसेट दिसली. त्याच बँडची, तीच. नागपूरला घेतलेली, त्या रविवारच्या वर्षभर आधी. आतला कागद उलगडून ठेवलेला, त्यावर दुसऱ्या बाजूच्या एकूण एक गाण्याखाली तुमच्या बारीक अक्षरात कॉर्ड्स, शेवटच्या गाण्याखालीसुद्धा. म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं की अशी धून त्या कॅसेटवर नाही. तुम्ही हजारात ओळखलेला हात माझा होता. तुम्ही माझं खोटं पकडलंत आणि तेच खिशात घातलंत. कारण मी बोलू शकणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. "पोरी, हे तुहं होय ना?" एवढं विचारलं असतंत तर तुमचं काय जाणार होतं? मी एकोणीस वर्षांची होते, भाऊ. त्या एका वाक्यावर मी कुठल्या कुठे गेले असते.

येत्या रविवारी सगळे चंद्रपुरात जमणार आहेत. तुमच्या गिटारवर "भाऊची धून" मी वाजवायची आणि तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे, असं ठरलंय. मी घरी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "सांगून टाक ना मंग. भाऊ काई उठून येत नाई." मी म्हटलं, कोण विश्वास ठेवणार? "ते जाऊ दे. तेव्हाच काऊन नाई बोलली?" मी गॅस बंद करायच्या निमित्ताने आत गेले.

यांना दिलं नाही ते उत्तर तुम्हाला देते. मांडवात टाळ्या पडेपर्यंत मी श्वास रोखून बसले होते. धून पडली असती तर हसं तुमचं झालं असतं, माझं नाही, आणि त्याचं मला तेव्हा बरं वाटत होतं. हे पत्र तुमच्या मुलाच्या हाती द्यायचं ठरवून लिहायला बसले होते. आता देणार नाही. त्याचा बाप त्याला राहू दे. रविवारी मी काय बोलेन ते मलाच माहीत नाही. पण मी गिटारचा क्लास घेते तिथे, गेल्या आठवड्यात, मी नवीनच केलेलं काहीतरी वाजवत होते. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, लय भारी हाये, कोनाचं हाये हे?" मी म्हटलं, एका जुन्या बँडचं आहे, कॅसेट आता मिळत नाही.