जावयाचा फोन सासऱ्याच्या कानात

आदरणीय जावईबापू यांस,

रंधा बाजूला ठेवून सासऱ्यांचा आशीर्वाद. तुमचा खोकला थांबला असेल आणि आमच्या धाकटीची चिडचिड तुम्हाला सोसत असेल, असं धरून चालतो. इकडे मी ठणठणीत, तुमच्या सासूबाई माझ्याहून ठणठणीत. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवरचं बोलणं नेमकं कोणाच्या कानात उतरेल याचा मला आता भरवसा उरलेला नाही. म्हणून हे सासूबाईंच्या हाती धाडतो आहे (त्या वाटेत फोडून वाचतील, पण निदान पोचवतील तुम्हालाच).

विषय आहे तुम्ही मला दिलेली ती बिनवायरची इअरबड्स, ज्यांना आमच्या कारखान्यात सगळे कानातली बोंडं म्हणतात. भेट झकास आहे, करवत चालू असतानाही बातम्या ऐकू येतात. पण देण्याआधी ‘चालतात का बघतो’ म्हणून तुम्ही ती आधी स्वतःच्या फोनला जोडलीत, तिथेच माशी शिंकली. रविवारी तुम्ही दोघं जेवायला आला होतात. जेवण झाल्यावर मी माझा फोन बंद करून चार्जिंगला लावला, बोंडं कानात घातली आणि बातम्यांची वाट बघत बसलो. (वायर लागत नाही म्हणजे फोनही लागत नसणार, असा माझा समज. हसू नका, माझं आयुष्य दारं-खिडक्यांत गेलं.) तेवढ्यात कानात एक बाई बोलू लागल्या. लांब जावं लागेल, राहायची सोय आम्ही करू, पुढच्या महिन्यापासून काम, हो की नाही ते आत्ताच सांगा. आता, एक गिऱ्हाईक कधीपासून माझ्या मागे लागलं आहे, त्यांच्या लांबच्या बंगल्याला दारं बसवून द्या म्हणून. मला वाटलं, त्यांच्याच घरच्या बाई. मी ठणकावून सांगितलं, “एवढ्या लांब जमणार नाही. दुसरा माणूस बघा.” तिकडे गॅलरीत तुम्ही फोन कानाला लावून हॅलो हॅलो करत होतात, आणि मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला रेंज नाही.

तुम्ही पडलात भिडस्त. अनोळखी नंबर होता, गरज असेल तर करतील परत, असं म्हणून चपला शोधायला लागलात. मग बुधवारी धाकटीचा फोन. वरच्या हुद्द्याच्या जागेसाठी मोठ्या ऑफिसातून विचारणा व्हायची होती, ती येतच नाही. हे आंघोळीलाही फोन घेऊन जातात, जेवणात लक्ष नाही. जागा लांबची आहे बाबा, म्हणाली, पण यांनी किती वर्षं वाट बघितली तिची. माझ्या हातातला हातोडा पायावर पडला.

हात टेकणारा माणूस मी नव्हे. तडक कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यापुढे ठाण मांडलं. तो म्हणाला, डबी उघडली की बोंडं ओळखीचा फोन शोधतात. मालकाचा बंद असला तर जवळपास जो ओळखीचा सापडेल त्याच्या गळ्यात पडतात. मग वाजतो एकाचा फोन आणि ऐकणं-बोलणं सगळं दुसऱ्याच्या कानातून. पडताळा म्हणून मी माझ्या फोनबरोबर तुमच्या सासूबाईंचाही जोडून घेतला (दोन फोन एकदम चालतात म्हणे). मी माझ्या फोनवर बातम्या ऐकत होतो, तर त्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांनी उचलला मात्र, बातम्या गप्प आणि मेव्हणीबाई माझ्या कानात, विषय माझा हेकटपणा. मी नुसतं हं, हं करत राहिलो. शेवटपर्यंत त्यांना फरक कळला नाही.

सारांश, दोष यंत्राचा, आणि ते भलत्या फोनला जोडणाऱ्याचा (नाव घेत नाही). पण जागा गेली तर धाकटीला तोंड मला दाखवायचं आहे. तेव्हा भीडभाड गुंडाळून ठेवा आणि त्या नंबरवर आजच फोन लावा. सांगा, नकार सासऱ्यांचा होता. बाई ऐकत नसतील तर मला घेऊन चला. त्या हो म्हणेपर्यंत मी त्यांच्या ऑफिसातून उठणार नाही.

तुमचा,
सासरा

ता. क. : पुढच्या खेपेला तुमचा फोन या बोंडांच्या ओळखीतून काढून टाका. दुरुस्तीवाला लगेच काढत होता. पण जावयाची ओळख पुसायची तर जावयासमोर, म्हणून मी थांबवलं.

ता. क. २ : वरचं सगळं खरं आहे, पण अर्धं. मी नाही म्हटल्यावर बाईंनी तुमचं नाव घेऊन पुन्हा विचारलं, “नक्की नाही ना? कुटुंबासाठी घरही देतोय.” फोन कोणाचा ते मला तेव्हाच कळलं. धाकटी एवढ्या लांब जाणार, हेही कळलं. मी पुन्हा नाही म्हणालो.

ता. क. ३ : तुमच्या सामानासाठी लाकडी खोकी करायला घेतली आहेत. फळ्या मापाने कापून झाल्या. आता त्या दुसऱ्या कशाच्याही उपयोगाच्या नाहीत, तेव्हा फोन लावा.