खडूनं लिहिलेलं ‘हे’

३ फेब्रु.
धरणाच्या तळाची जाळी तुंबली. खोली अठ्ठावन्न मीटर. बुडी दत्ता मारणार. म्हणतो, साधी हवा पुरे, फौजेत त्याच्यावरच उतरायचो. मी नाही म्हटलं, हेलियम मिसळू. तिथं हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. मागच्या खेपेला तळाशी बसून हातमोजे काढून घड्या घालत होता. ओढून आणला.
“फुग्यातला वायू माज्या नाकात घालतो व्हय रं?”
हो.

५ फेब्रु.
शिरवळहून हेलियम आलं. ऑक्सिजन अठरा टक्के, हेलियम पंचेचाळीस, बाकी नायट्रोजन. चारदा मोजलं. दत्तानं फुग्यातून घोटभर हेलियम ओढलं, बदकाच्या आवाजात बायकोला हाक मारली. सुनंदावहिनी भाकरीचं फडकं तोंडाला लावून हसत राहिल्या.
उरलेलं हेलियम छोट्या सिलिंडरात काढलं. त्याच मापाच्या दुसऱ्यात ऑक्सिजन. वर येताना सहा मीटरवर थांबून ओढायचा. खडूनं खुणा केल्या. एकावर हे, दुसऱ्यावर ऑ.

७ फेब्रु.
जाळी मोकळी. तळाशी दत्ता शुद्धीत. दोरीचे झटके बरोबर. मिश्रण बरोबर होतं.
त्याआधी होडीतून काठावरच्या वहिनींना म्हटलं होतं, तो छोटा सिलिंडर द्या. दिला. नळी बसवली, सहा मीटरवर टांगला.
दत्तानं तिथं नळी बदलली. दोरी सैल पडली.
वर काढला तेव्हा ओठ निळे.
सिलिंडर ऑक्सिजन मोजायच्या मीटरला लावला. ऑक्सिजन शून्य. खूण माझ्या हाताखाली होती. आधी मीटर लावायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट.

८ फेब्रु., सातारा
दत्ता मशीनवर. डॉक्टरांना कालच सांगितलं, निव्वळ हेलियम ओढलं.
वहिनी बाकावर. काही खात नाहीत.
“आवं भावजी, तुमी ह्यांचा सिलिंडर येगळा ठिवला, लय बरं केलं. वर ‘हे’ लिवलं हुतं. मीच उचलून दिला.”
एवढ्या वर्षांत त्यांनी दत्ताचं नाव घेतलेलं ऐकलं नाही. कायम हे, ह्यांना, ह्यांचं. मी ते रोज ऐकत होतो. आणि खडू घेऊन

९ फेब्रु.
दत्ताची बोटं हलली असं वहिनी म्हणतात. नर्स म्हणते, नाही.
मनात जुळवतो: खूण माझी, नळी माझी, चूक माझी. खरं आहे. पण सिलिंडर कोणी दिला हे विचारतीलच.

१० फेब्रु.
डॉक्टरांनी लेखी मागितलं. कोणता वायू, कसा दिला गेला.
बाकावर बसून पहिलं अक्षर लिहिलं. हे. वहिनी वाकून बघत होत्या.
“व्हय, आदी ह्यांचंच लिवा.”
पेन तिथंच.