हाक मारल्याशिवाय न येण्याविषयी

येलदरी कँप,
रविवार, २७ डिसेंबर १९५९

ती. सौ. सुमंगलाअक्कांच्या पायांवर धाकट्या जावेचं, कावेरीचं, डोकं. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी पडणार असली की आधी तो बोलतो आणि मागून पंचांग, हे मला चांगलं आठवतं. मोठ्या भाऊजींचा खोकला ओव्याच्या धुरीनं थांबला, की ते अजून ओवा नुसता खाऊनच टाकतात? आम्ही दोघं खुशाल आहोत. यांचं कचेरीतलं काम वाढलं आहे आणि पोटही थोडं वाढलं आहे. धरणाच्या कामावर धूळ इतकी उडते की सकाळी उन्हात टाकलेले पापड संध्याकाळी गव्हाचे की मातीचे ते चाखूनच ठरवावं लागतं.

गेल्या येळवशीपासून, म्हणजे वर्षभर, मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. तुम्हीही लिहिलं नाही. तेव्हा रागवायला दोघींना सारखीच जागा आहे. झालं काय ते तुम्हालाही पाठ आहे आणि मलाही. पण दोघींचं पाठांतर वेगळं असणार, म्हणून माझं इथं लिहून ठेवते. येळवशीला, त्या मार्गशीर्षातल्या अवसेला, सगळं पालम गाव घराला कुलूप घालून शेतात गेलं होतं. आपल्या कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव पुजून झाले, भज्जी, उंडे, खीर सगळं मांडलं, आणि त्या वेळी भागुबाई धनगरीण मेंढरं घेऊन बांधावरून चालली होती. येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला जेवायला हाक मारायचीच, ही तुम्हीच शिकवलेली रीत. मी हाक मारली. फक्त तिला बांधावर पान न वाढता पंगतीत, माझ्या शेजारी, बसवली. (बाहेरच्यांची पानं बांधावर, ही रीत मला ठाऊक नव्हती असं मी तेव्हा म्हटलं होतं. ठाऊक होती.) पुढं पुरुषांची दुसरी पंगत बसायच्या आत आंबिलीचं बिंदगं रिकामं झालं, आणि येळवशीला आंबील सरली की वर्ष कोरडं जातं म्हणून तुमचा चेहरा उतरला. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "हिच्या पाहुण्यांनी आंबील सरवली. आज धनगरीण आणली, उद्या मडम आणून बसवशील आमच्या पंगतीत." आणि मी म्हणाले, "आता तुम्ही हाक मारल्याशिवाय या शेतात पाऊल टाकायची नाही." हे मोठ्या भाऊजींनी ऐकलं, गड्यांनी ऐकलं, बैलांनीही मान वर केली होती. बोलले ते बोलले. ते मी मोडणार नाही. वर्ष मात्र कोरडं गेलं नाही, पूर्णेला दोनदा पूर आला, हे आपलं सहज कळवते.

मडम हा शब्द तुम्ही तेव्हा रागात वापरलात. आपण विचार करून काही मागितलं की देव वर्षानुवर्षं विचार करतो, आणि रागात बोललेलं लगेच मनावर घेतो. जेठाच्या महिन्यात वीजघराची यंत्रं बसवायला विलायतेहून एक साहेब आले, सोबत त्यांची मडम आणि सहा वर्षांची मुलगी. आमच्या चाळीपलीकडचा बंगला त्यांना मिळाला. साहेब उंच, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा, डब्यातलं खाऊन डब्यासारखाच गप्प बसणारा. मुलीचं नाव रोझी. तिला सांभाळायला केवळाबाई ठेवली, त्यामुळं महिन्याभरात पोरगी "मला लय भूक लागली हाय" म्हणायला लागली, आणि तिच्या आईला ते समजून घ्यायला शेजारी विचारत फिरावं लागायचं. शेजारी म्हणजे मी. मडमेनं बोटीवर एका पुस्तकातून हिंदुस्थानी पाठ केली होती आणि मी निजामाच्या राज्यात परभणीच्या शाळेत सातवीपर्यंत उर्दू शिकलेली; सरकार गेलं तरी भाषा अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. पुस्तक कुण्या दरबारी माणसानं लिहिलेलं असावं. मडम वांगी विकणाऱ्याला जनाब म्हणते आणि भाव विचारायच्या आधी तबियत विचारते. तो बिचारा तिला पावशेर वांगी जास्त घालतो.

श्रावणात बंगल्यावरचा खानसामा न सांगता निघून गेला आणि मडमेच्या घरात चूल पेटायची बंद झाली. तेव्हा ओव्हरसियरांच्या चतुराबाईंनी डोकं चालवलं की कॉलनीत पाकवर्ग काढावा: मडमेनं आम्हाला विलायती पदार्थ शिकवावे, आम्ही तिला इथलं रांधायला शिकवावं. क्लबाच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वर्ग भरू लागला. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. मडमेनं टोपलीतून अंडी काढली तेव्हा आठ उरल्या, आणि त्या आठही भिंतीला पाठ लावून, जणू अंडं फुटून अंगावर येणार. मी मधला मार्ग काढला. अंड्याऐवजी आंबट ताक आणि चिमूटभर पापडखार. (ताक किती आंबवायचं, वरचं पाणी कधी काढायचं, हे मी आंबिलीसाठी तुमच्याकडून शिकले. वर्गात तुमचं नाव सांगितलं. खोटं वाटलं तर चतुराबाईंना विचारा.) भट्टी लिंबाजी लोहारानं तेलाचा डबा कापून करून दिली, खाली निखारे, वर निखारे. मडम म्हणाली पीठ तीन वाट्या. तिच्या वाटीला कान होता. आमच्यात कान असलेली वाटी नाही म्हणून मी आपलं मापटं घेतलं. साखर मात्र तिच्या वाटीनं पडली, कारण साखर तिची होती. दोन तासांनी जे निघालं त्याला सुरी लागेना. धरणाच्या कामावर सिमेंटचे ठोकळे दाबून बघायचं एक यंत्र आहे, तिथं यांनी तो केक गंमत म्हणून नेला. त्या दिवशीच्या सगळ्या ठोकळ्यांत तो पहिला आला. साहेब तेव्हा पहिल्यांदा हसलेले पाहिले, असं हे सांगतात.

दुसरा केक बरा झाला, चौथा चांगला झाला. पण सांगायचं आहे ते भाकरीचं. मडमेला ज्वारीची भाकरी थापायचीच होती. पहिली थापली तेव्हा तिचे पाच तुकडे झाले. तिनं ते पाचही तव्यावर भाजले आणि नवऱ्याला वाढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्यानं लाटणं घेऊन आली, मी काढून घेतलं. मी म्हणाले, बाई, सोडून द्या, पोळी शिका. तिनं मान हलवली आणि पीठ मळायला घेतलं. बिघडलेल्या भाकरी केवळाबाईच्या शेळ्या खायच्या. पुढं पुढं त्या शेळ्या मंगळवार-शुक्रवार ओळखून क्लबाच्या दाराशी येऊन बसायला लागल्या. दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी भाकरी गोल झाली आणि तव्यावर टम्म फुगली. मडमेनं ती खाल्ली नाही, रुमालात गुंडाळून घरी नेली. दारातल्या शेळ्या त्या दिवशी बराच वेळ ओरडल्या. अक्का, तुम्ही मला भाकरी शिकवलीत तेव्हा मी तीन दिवस रडले होते आणि चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या बोटांना लोणी लावलं होतं. मडमेला लोणी मी लावलं.

या मधल्या काळात सण येत गेले. पोळ्याला आमच्या कडेच्या वस्तीतल्या लोकांनी बैल सजवून आणले, त्यांना ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली. मडम कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिला बघून सगळ्यांनी सलाम केला आणि पुढं गेले. दिवाळीला आम्ही बंगल्यावर फराळाचं ताट पाठवलं, कचेरीतल्या शिपायाच्या हातून, वरून रुमाल घालून. परवाच्या शुक्रवारी तिचा मोठा सण झाला, आपण बडा दिन म्हणतो तो. तिकडं म्हणे घरात हिरवं झाड आणतात. इथं तसं झाड कुठलं, म्हणून तिनं बाभळीची फांदी आणून कुंडीत रोवली आणि काट्याकाट्यावर आपल्या परभणीचा कापूस लावला, तिकडचं बर्फ म्हणून. रोझीनं कापूस काढायला हात घातला आणि काटा लागून रडली. मडम काटा काढता काढता रडायला लागली, आणि तिचं रडणं काट्याचं नव्हतं. मी तिळाची पोळी घेऊन गेले होते, ती हातातच राहिली. डोळे पुसून ती म्हणाली, "आप लोग बैल को भी घर बुलाकर खिलाते हैं. मुझको सब सलाम करते हैं, खाने को कोई नहीं बुलाता."

माझ्या तोंडातून निघून गेलं, की मंगळवारी येळवस आहे, आमच्या पालमच्या शेतात चला, आमच्याकडं त्या दिवशी कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात. ती लगेच उठली आणि कॅलेंडरवर मंगळवारभोवती लाल गोल काढला. घरी परत येताना, बंगल्याच्या फाटकापाशी, माझ्या ध्यानात आलं की ज्या शेताचं मी आमंत्रण दिलं त्या शेताचं आमंत्रण मलाच नाही.

दोन दिवस विचार केला. यांनी सुचवलं की मडमेला सांगू, गावात साथ आहे. मी म्हटलं, खोटं सांगणार नाही. इथंच येळवस करू म्हणाले. इकडं जिंतूरच्या बाजूला आपल्यासारखी येळवस नाही, आणि जिथं तिथं धरणाचा मुरूम. खोप रोवायलासुद्धा सुरुंग लावावा लागेल. शेवटी असं ठरवलं की मडमेला शब्द दिला तो खरा करायचा आणि तुमच्यासमोर बोलले तेही खरं करायचं. मडम आणि रोझी येतील. मी येणार नाही. साहेबांना परभणीच्या स्टेशनावर उतरलेलं सामान ताब्यात घ्यायचं आहे, ते तिथंच राहतील. पुढं खात्याची जीप या दोघींना आदल्या दिवशीच, सोमवारी, पालमला सोडील, कारण येळवशीला घराला कुलूप असतं. तुम्ही त्यांना पंगतीत बसवा, बांधावर बसवा, किंवा दारातून परत पाठवा. घर तुमचं, रीत तुमची. मी फक्त कळवायचं काम केलं. बाकी काही मागणं नाही. मोठ्या भाऊजींना नमस्कार, गाईच्या कपाळावरून एकदा हात फिरवा.

तुमची,
कावेरी

ता. क. सोमवार. इथून पुढचा मजकूर शिसपेन्सिलीचा आहे, कारण तो गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. या पत्रावर तिकीट नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणार. ते पोस्टानं आलेलं नाही. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं त्या मडम. मडम तुम्हाला काही सांगणार नाहीत, कारण पत्र वाचून होईपर्यंत मध्ये बोलू नका असं मीच त्यांना बजावलं आहे. तुम्ही पत्र पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचता आणि शेवट आधी बघत नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे गेला अर्धा तास पाहुण्या ओसरीवर उभ्या आहेत आणि अजून त्यांना कुणी पाणी दिलेलं नाही. पोरगी "मावशे, पानी दे की" म्हणाली असेल तर ते केवळाबाईचं वळण आहे, राग मानू नये.

ता. क. दुसरा. मडमेच्या हातात रुमालात बांधलेल्या भाकरी आहेत. त्या तिनं आज पहाटे थापल्या. फुगल्या होत्या. मांडी घालून बसायला ती दोन महिने शिकते आहे. उठताना मात्र हात द्यावा लागतो.

ता. क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं, पण शेताकडं बघत खोटं लिहवत नाही. गेल्या येळवशीला आंबील भागुबाईनं सरवली नाही. बिंदगं माझ्या डोक्यावर होतं. नाल्यापाशी माझा पाय घसरला आणि निम्मी आंबील वाळूत गेली. मी वरून फडकं नीट बांधलं आणि तशीच पुढं आले. भागुबाई तिथंच मेंढरांना पाणी दाखवत होती, तिनं सगळं पाहिलं, आणि ती कुणाला एक शब्द बोलली नाही. तुम्ही तिचं नाव घेतलंत तेव्हाही नाही. मग मी तिला बांधावर कशी बसवणार होते, तुम्हीच सांगा. वर्षभर राग धरला तो तुमच्यावर नव्हता, हे मला संक्रांतीलाच कळलं होतं. पण तोवर बोलून बसले होते.

ता. क. शेवटचा. वर लिहिलं आहे की मी येणार नाही. ते खरं आहे, मी आलेली नाही. जीप गावाबाहेरच्या चिंचेखाली उभी आहे आणि मी जीपमध्ये आहे. ड्रायव्हर माणिकराव म्हणतात, दिवस मावळायच्या आत परत निघावं लागेल. इथून आपल्या घराचं दार दिसतं, तुळशीपाशी कुणी आलं तर ओळखू येतं. हाक मारल्याशिवाय मी येणार नाही, त्यात काडीचा बदल नाही. तुमचा आवाज चिंचेपर्यंत पोचतो. गेल्या वर्षी तो खोपीतून पार नाल्यापलीकडं पोचला होता. आधी पाहुण्यांना पाणी द्या. मग अंगणात या, आणि नुसतं "कावेरे" म्हणा. आंबिलीचं बिंदगं या वेळी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्या.